तांबड्या ओळीतलं गाव

नोकरीसाठी मी सांगलीच्या त्या ऑफिसात पहिल्यांदा शिरले तेव्हा एक उंच, वाळका माणूस कम्प्युटरसमोर टाचा जुळवून उभा होता आणि पडद्याकडं बघून नावं वाचत होता. "लिंबाचीवाडी." थोडा थांबला. "हजर. वरचा मळा. हजर. पाचपिंपळ... आलं का? आलं. हजर." मला वाटलं फोनवर कुणाशी बोलतोय. मग वाटलं, बाई गं, आपण भलत्याच ठिकाणी आलो. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीत उभ्यानं आले होते, पाय भरून आले होते. बसा म्हणायचं सोडून या माणसानं माझ्याकडं न बघता नुसता तळहात वर केला. मी दारातच थांबले, बॅग खांद्यावर तशीच.

त्यांना सगळे हवालदार म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. मूळचे माणचे, दहिवडीकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. फौजेत सिग्नलमध्ये होते, तिथंच तारा, रेडिओ आणि शेवटी शेवटी कम्प्युटर शिकले. मी सुरुवातीला 'सर' म्हणायचे तर म्हणाले, "सर म्हनू नको पोरी. सर म्हनलं की मला माझं मास्तर आटवत्यात आन हाताची बोटं दुखाय लागत्यात."

आमच्या कंपनीकडं सरकारी पाणी योजना चालवायचा ठेका होता. काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. नदीतून पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि कवठे महांकाळच्या पलीकडं, पार कर्नाटकच्या हद्दीपर्यंत, गावोगावच्या टाक्यांत सोडायचं. पंप आणि व्हॉल्व्ह कम्प्युटरवरून चालायचे. त्या कम्प्युटरात 'गावं' नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात प्रत्येक गावाची एक छोटी फाईल. कुठला व्हॉल्व्ह, कधी उघडायचा, किती वेळ, टाकी भरली की कुणाला फोन लावायचा, एवढंच त्यात लिहिलेलं. सकाळी प्रोग्राम सुरू केला की तो फोल्डरातल्या सगळ्या फाइली एकामागून एक आत घ्यायचा. फाईल नीट आत आली की पडद्यावर हिरवी ओळ. काही अडलं की तांबडी ओळ, आणि तो तसाच पुढच्या फाइलीकडं जायचा.

हे काम कम्प्युटर आपोआप करतो. कपात चहा ओतून होईपर्यंत संपतं. हवालदारांनी मात्र त्याचा वेग मुद्दाम कमी करून ठेवला होता, का तर प्रत्येक गावाचं नाव वाचून 'हजर' म्हणायला सवड मिळावी. त्यामुळं आमच्या ऑफिसची सकाळ सुरूच व्हायची नाही. हजेरी चालू असताना कुणी फोन उचलायचा नाही, खुर्ची ओढायची नाही, शिंकायचं असेल तर बाहेर जाऊन शिंकायचं. मला हे पहिल्या महिन्यात भारी वाटलं आणि दुसऱ्या महिन्यात डोक्याला ताप.

"कशासाठी हो एवढं?" मी एकदा वैतागून विचारलं. "शेवटी तो किती आले, किती राहिले ते सांगतोच की."

"आकडा सांगतो त्यो," हवालदार म्हणाले. "माझा बाप सांजंचं मेंढरं वाड्यात घ्यायचा तवा दारात हुबा ऱ्हायचा. एक एक आत. समदी एकदम ढकलली तर आकडा बरोबर येतोय गं, पर लंगडं कंचं आलंय ते कळत न्हाई."

त्यांच्याशी वाद घालून काही उपयोग नसायचा, कारण ते वाद घालायचेच नाहीत. आपण बोलून दमेपर्यंत ऐकायचे, मग "जो है सो है" म्हणायचे आणि कामाला लागायचे. फौजेतून आणलेली एवढीच हिंदी ते वापरत, आणि ती पुरायची.

त्यांच्या खुर्चीला चाकं नव्हती. ऑफिसनं सगळ्यांना चाकाच्या खुर्च्या दिल्या तेव्हा त्यांनी पाना आणून आपल्या खुर्चीची चाकं काढली आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. पळणाऱ्या खुर्चीवर बसून माणसाचं मन लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारी भाकरी खाताना ते खिडकीकडं तोंड करून बसत आणि तेवढा वेळ कुणी कामाचं बोललं तर ऐकूच येत नसल्यासारखं करत. पावसाळ्यातसुद्धा पाण्याची बाटली अर्धीच भरून घेत. पूर्ण का नाही, विचारलं की म्हणत, "लागली तर घीन की. पळून जातीय का टाकी?"

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा त्या फाइलींच्या आत होता. फाइलीत काही ओळींच्या आधी एक खूण टाकली की कम्प्युटर त्या ओळी वाचत नाही, सोडून देतो. कामाची माणसं तिथं दोन शब्दांची टीप लिहितात आणि पुढं जातात. हवालदारांनी तिथं गावंच्या गावं लिहून ठेवली होती. एका फाइलीत होतं, 'व्हॉल्व्ह डावीकडं फिरतो. उलटा बसलाय. कुणाला बोलू नये, बसवणारा वारला.' दुसरीत, 'फोन सातच्या आत करू नये, माणूस धारा काढतो.' तिसरीत, 'गावात दोन पाटील. फोन दोघांना करणे. आधी थोरल्याला, नाहीतर धाकट्याचा पण उचलला जात नाही.' आणि एकीत नुसतं, 'टाकीवर मधमाश्या. चांगल्या आहेत.'

"हे कोण वाचणार?" मी विचारलं.

"तू वाचलंस न्हवं?" ते म्हणाले.

पुण्याहून काही हुशार मंडळी आली होती. त्यांचं म्हणणं, एवढ्या सगळ्या फाइली कशाला, एकच मोठी फाईल करा, सुटसुटीत. हवालदारांनी त्यांना चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवं, एकाच पातेल्यात समद्यांचं शिजवलं आन खाली लागलं, तर समदीच उपाशी. आज एका गावाची फाईल बिघडली तर तेवढं एकच गाव तांबडं हुतं, बाकीची जेवून उठत्यात. ऱ्हाऊ द्या ज्याची त्याची चूल." मंडळी जेवायला गेली ती परत आली नाहीत. फाइली तशाच राहिल्या.

एकदा हवालदार पुतणीच्या लग्नाला माणला गेले. आठवडाभर हजेरी झाली नाही. म्हणजे कम्प्युटरनं घेतली, पण ऐकली कुणी नाही. ऑफिसात काय शांतता होती! आम्ही चाकाच्या खुर्च्यांवरून मोकळे फिरत होतो. ते परत आले त्या सकाळी टाचा जुळवून उभे राहिले, नावं वाचायला लागले आणि मध्येच थांबले.

"वरचा मळा. हजर. वरचा मळा..." ते पडद्याच्या जवळ गेले. "ह्यो कोन जुळा भाऊ आनिक?"

झालं असं होतं की वरच्या मळ्याच्या पाणीवाल्यानं फोन नंबर बदलून आपली फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. कुणीतरी ती फोल्डरात टाकली, पण जुनी काढली नाही. नावापुढं कंसात एक लागून ती निराळी फाईल म्हणून बसली. प्रोग्रामचं काय, फोल्डरात जे असेल ते तो आत घेणार. त्यानं दोन्ही घेतल्या, आणि आठवडाभर वरच्या मळ्याचा व्हॉल्व्ह दिवसातून दोनदा उघडत होता. पुढच्या गावांत पाण्याला जोर नव्हता, तिथले लोक शिव्या घालत होते आणि आम्ही पाइप फुटला असेल म्हणून माणसं पाठवत होतो.

आम्ही जीपनं वरच्या मळ्याला गेलो. सरपंचानं बाज टाकली, चहा आला, शेंगदाण्याचे लाडू आले. हवालदारांनी लाडू संपवला आणि शांतपणे विचारलं, "सरपंच, पानी दोनदा येत हुतं ते कुनी कळवलं का न्हाई?"

सरपंच जराही न कचरता म्हणाला, "आमाला वाटलं, योजना सुधारली."

हवालदार त्या दिवशी परत येईपर्यंत हसत होते. मी त्यांना एवढं हसताना त्यानंतर पाहिलं नाही. "ज्याला दोनदा मिळतंय त्यो कशाला कळवंल?" ते म्हणत होते. "बराबर हाय गड्याचं. कळवायचं काम ज्याला मिळत न्हाई त्याचं."

आता त्या तांबड्या ओळीतल्या गावाबद्दल. नाव सांगत नाही, त्या लोकांना तिथं राहायचंय. योजनेच्या नकाशावर ते अगदी टोकाला होतं, हद्दीला लागून. तिथं निम्मे लोक घरात कन्नड बोलतात. नकाशावर पाइप गावापर्यंत काढलेला होता. प्रत्यक्षात तो अलीकडच्या ओढ्याशी संपला होता. जमिनीची परवानगी, ठेकेदार बदलला, मोजणी पुन्हा, असं काही ना काही. पण हवालदारांनी पहिल्याच दिवशी त्या गावाची फाईल करून फोल्डरात ठेवली होती. रोज सकाळी प्रोग्राम ती फाईल घ्यायला जायचा, व्हॉल्व्ह शोधायचा, व्हॉल्व्ह नसायचाच, आणि सगळ्या हिरव्या ओळींच्या शेवटी एक तांबडी ओळ उमटायची. हवालदार त्या नावालासुद्धा थांबायचे. तिथं हजर म्हणायचे नाहीत. "न्हाई आलं," म्हणायचे आणि मग खाली बसायचे.

ही नुसती त्यांची लहर असती तर मीच एखाद्या दिवशी ती फाईल काढून टाकली असती. पण त्या ओळीवर एक गाव पाणी पीत होतं. आमचा अहवाल तालुक्याच्या कचेरीत जायचा. ज्या गावाची ओळ हिरवी त्याला योजनेचं पाणी मिळतंय, असं तिथं धरत. तांबडी असेल त्याला टँकर. हे साधं गणित होतं. तिथली एक मेंबरबाई हवालदारांना दर आठवड्याला फोन करायची. फोन मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळं आम्हालाही पाठ झाला होता.

"हवालदार, आमची तांबडीच हाय न्हवं?"

"तांबडीच हाय."

"मग बरं."

माणसं पाणी आलं का विचारतात. ही बाई पाणी आलं नाही ना, याची खात्री करून घ्यायची.

आमचे मालक वाईट माणूस नव्हते. गोड बोलायचे, पगार वेळेवर द्यायचे, दिवाळीला घरी मिठाई पाठवायचे. पण भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ती एक तांबडी ओळ त्यांना फार खुपायची. एके दिवशी कळलं की मुंबईहून एक बडे साहेब योजना बघायला येतायत. मालक हवालदारांच्या टेबलापाशी येऊन बसले. चाकाच्या खुर्चीवरून सरकत आले, हवालदारांनी तिकडंही बघितलं नाही.

"हवालदार, तासाभरासाठी ती एवढी हिरवी करा," मालक म्हणाले.

"व्हॉल्व्ह न्हाई तिथं. हिरवी कुटनं हुणार?"

"फाइलीत खोटा व्हॉल्व्ह दाखवा. तुम्हाला काय अवघड आहे? ऐका माझं. साहेबांच्या हातात पैसे आहेत. ते खूश झाले की मी तिथंच उरलेल्या पाइपचं बोलतो. तुमच्या त्या टोकाच्या गावाचंच काम होईल. एक तास फक्त."

मी समोरच बसले होते. हवालदारांनी कीबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्यांना नोकरीची भीती घातली असती तर ते 'जो है सो है' म्हणून मोकळे झाले असते. पण पाइपचं नाव काढलं आणि माणूस अडकला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मलाही वाटलं, एका तासानं पाइप येत असेल तर काय बिघडलं.

साहेब आले. हारतुरे झाले. हवालदारांनी त्या दिवशी हजेरी घेतली नाही, प्रोग्राम आपल्या आपण पळाला, आणि भिंतीवरचा पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मालक म्हणाले, "आणि हा अहवाल बघा सर, एका बटणावर थेट तालुक्याला." आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी बटण दाबलं. तांबड्या ओळीसकट रोजचा अहवाल सकाळीच गेला होता. हा दुसरा, सगळा हिरवा अहवालही गेला.

हवालदार पुढं झाले. "साहेब, ते टोकाचं गाव..." त्यांनी सुरुवात केली.

"हो, बघितलं, तेसुद्धा आलंय," साहेब म्हणाले. "शंभर टक्के. उत्तम. आता इथं आणखी काही करण्यासारखं उरलंच नाही."

आणि ते गेले. पाइपचं बोलायचं होतं ते मालक बोललेच नाहीत. कसं बोलणार? सगळं हिरवं असताना उरलेला पाइप कुठून काढायचा? त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण साहेबांची गाडी गेल्यावर ते केबिनमध्ये जाऊन बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. हवालदारांनी खोटा व्हॉल्व्ह काढून टाकला. दुसऱ्या दिवशी हजेरीत ओळ पुन्हा तांबडी झाली. मला वाटलं, संपलं.

त्याच आठवड्यात मेंबरबाईचा फोन आला. नेहमीचा दिवस नव्हता. "हवालदार, टँकर आला न्हाई. डायवर म्हंतोय तुमचं गाव योजनेत आलं, खेप बंद."

हवालदार तसेच उठून तालुक्याला गेले. तिथल्या कारकुनानं त्यांना बसवलं, कम्प्युटर दाखवला आणि नीट समजावून सांगितलं. गाव एकदा हिरवं झालं की ते जोडलेलं. त्यानंतर तांबडं झालं तर तो बिघाड. बिघाड कंपनीनं दुरुस्त करायचा, त्याला टँकर मिळत नाही. त्या माणसाची काही चूक नव्हती. त्याच्यापुढं आमचाच अहवाल होता. "आधीचा अहवाल खोटा होता असं कंपनीनं सांगितलं तर करता येईल," तो म्हणाला.

कंपनी सांगेना. मालक म्हणाले, "एक खोटा होता म्हटलं की बाकीचे सगळे तपासायला काढतील. बिलं अडकतील. थोडं थांबा, मी वरून बघतो." ते खरंच वरून बघत असतीलही. पण उन्हाळा होता, आणि गाव पाण्यासाठी दूरच्या एका विहिरीवर जात होतं. तिथं तळाशी पोहरा घासून वर यायचा. मेंबरबाई आता रोज फोन करायची. भांडायची नाही. "काय झालं का?" विचारायची. हवालदार "न्हाई अजून" म्हणायचे. त्या दिवसांत त्यांनी भाकरी खाल्लेली मी बघितली नाही. हजेरी घ्यायचे, पण आवाज गेला होता. 'हजर' हा शब्द ओठांतल्या ओठांत यायचा. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि सगळ्यात जास्त थकवा यायचा. कुणाला जाब विचारायचा तेच कळत नव्हतं. गोड बोलणारे मालक, सरळ वागणारा कारकून, खूश होऊन गेलेले साहेब. सगळी भली माणसं, आणि गावाला पाणी नाही.

मग तालुक्याची आढावा बैठक आली. मालक, हवालदार आणि मी गेलो. मोठं टेबल, मधोमध फुलदाणी, प्रत्येकासमोर बंद पाण्याची बाटली. आमच्या योजनेचा विषय निघाला तसे मालक उठून बोलायला लागले, थोडा तांत्रिक बिघाड आहे, आठ-दहा दिवसांत सुरळीत होईल. हवालदार उभे राहिले. टाचा जुळल्याचा आवाज मला ऐकू आला.

"बिघाड न्हाई साहेब," ते म्हणाले. "त्या गावाला पाइपच न्हाई. व्हॉल्व्ह न्हाई. मी फाइलीत खोटा व्हॉल्व्ह लिवला, म्हून हिरवं दिसलं. म्या लिवलं, माझ्या हातानं. मला कुनी कानाला धरून लिवाय लावलं न्हाई. त्यांचा टँकर चालू करा."

मालकांनी त्यांच्या बाहीला हात लावला. हवालदारांनी तो हात हळूच बाजूला केला.

"तुम्ही काय बोलताय कळतंय ना?" मोठ्या खुर्चीवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं. "हे तुमच्यावर येईल."

"येऊ द्या. टँकर उद्याच्याला जाईल का तेवढं सांगा."

मालकांचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी घ्यावं असं मला फार वाटलं, मी अर्धवट उठलेही. त्यांनी माझ्याकडं तोच तळहात केला, थांब म्हणून. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "एकट्यानंच का घेतलंत अंगावर?"

"दोघांचं म्हनलं असतं तर चौकशी लागली असती," ते म्हणाले. "एकाचं म्हनलं, टँकर लागला."

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. मालकांनी स्वतः फोन करून सांगितलं, तोही गोड आवाजात. हवालदार आता माणला असतात, शेरडं राखतात, फोन उचलत नाहीत. त्यांची खुर्ची माझ्याकडं आली. पाइप अजूनही ओढ्याशीच थांबलाय. मी हजेरी घेते, उभी राहून घेत नाही, बसून घेते, पाठ दुखते माझी. नवीन पोरं हसतात. त्यांना वाटतं, बाईंचं डोकं फिरलंय. वाटू दे. खरं तर रोज सकाळी तेच तेच वाचायचा मला कंटाळा येतो, आणि तरीही वाचते. शेवटच्या नावाला काय म्हणायचं ते अजून ठरत नाही.

पण बैठकीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. सकाळीच हवालदार आले, नोकरी नव्हती तरी इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, "टँकरवर चाललोय. येतीस का?" मी गेले. ड्रायव्हरच्या शेजारी आम्ही दोघं अवघडून बसलो. ओढा मागं पडला, तिथं पाइपचं उघडं तोंड मातीत दिसलं, त्यांनी बघितलं नाही. दोन्ही बाजूंना बाभळी, मधूनच मेंढरं, आणि पांढरं झालेलं आभाळ. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले. "लोकं धोंडं मारतील बहुतेक," म्हणाले. "तू टँकरमधीच बस."

गावात कुणी धोंडे मारले नाहीत. निळी पिंपं रांगेत लावलेली होती. नळी पिंपात पडली, पाण्याचा आवाज सुरू झाला आणि सगळी माणसं तिकडं धावली. आमच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. हवालदार खाली उतरून एका घराच्या कडेला उभे राहिले, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. मेंबरबाई पिंपांपाशी होती. तिनं लांबूनच आम्हाला हात केला आणि घराकडं तोंड करून काहीतरी ओरडली.

आतून तिची सासू बाहेर आली. सगळं गाव तिला अव्वा म्हणायचं. कंबरेत वाकलेली, कपाळावर मोठं कुंकू, हातात भरलेला तांब्या. नुकतंच आलेलं पाणी होतं ते, पहिल्या हंड्यातलं. ती थेट हवालदारांपुढं येऊन उभी राहिली.

"कुडी," ती म्हणाली. "पी, बाबा."

"नको अव्वा. मी पिनार न्हाई."

"का रं? आमच्या घरचं चालत न्हाई तुला?"

हवालदारांचा चेहरा एकदम पडला. "तसं न्हाई अव्वा. आवं, तसं न्हाई..." मग त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. "इतकं दिवस तुमचा टँकर बंद हुता न्हवं? त्यो माझ्यापायी बंद हुता. म्या खोटं लिवलं. माझ्यापायी तुमी हिरीवर गेलासा."

"म्हाईत हाय," अव्वा म्हणाली. "रातच्याला तुजा फोन झाल्यावर सून सांगत हुती. त्यो मानूस उद्या येनार हाय म्हनली. म्हून तर सकाळधरनं राखंनं घासून ठिवलाय तांब्या. धर आता, हात दुखाय लागला माझा."

हवालदार मातीत उकिडवे बसले. दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि एका दमात रिकामा केला. पाणी मिशीवरून गळ्यावर आलं होतं, डोळ्यांतूनही येत होतं. त्यांनी काहीच पुसलं नाही. अव्वानं तांब्या परत घेतला, आत बघितलं आणि हंड्याकडं वळता वळता विचारलं, "आनिक देऊ?"